आश्विनातला एक रविवार

कोजागिरीचे दूध पिऊन झाले की आम्हां इंदूरकर मराठी घरांतून एक चळवळ सुरू होते. तिला पुढारी नसतो, ठराव नसतो, वर्गणी नसते. तरी ती दर वर्षी न चुकता पार पडते. सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस माळव्यातून काढता पाय घेतो. शेतांतले सोयाबीन निघून खळ्यावर येते. दुपारचे ऊन पाठ भाजून काढते. आणि दिवस मावळला, की समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरच्या या पठारावर अंगावर काहीतरी घ्यावेसे वाटू लागते. चार महिने दमट अंधारात कोंडलेल्या वस्तूंना उजेड दाखवण्याचे हेच दिवस. वसुबारसेपर्यंत हाती असतात ते जेमतेम बारा दिवस, आणि त्यांत रविवार पडतो एखादा, फार तर दोन.

शासकीय शाळेतल्या माणसाला तो एखादा रविवारही आपलाच असेल याची खात्री देता येत नाही. मतदारयाद्या असतात, पाहण्या असतात, प्रशिक्षणे असतात. या आश्विनातला एक रविवार मात्र कसा कोण जाणे, संपूर्ण आमच्या वाट्याला आला. आणि तो आल्याची वार्ता आमच्या आधी आमच्या सौभाग्यवतींना लागलेली होती. सकाळच्या पोह्यांच्या बशीखालीच कामांची यादी ठेवलेली सापडली. यादीत सतरा कलमे होती. अठरावे कलम आमच्या खिशात होते, आणि त्याविषयी आम्ही घरात आठवडाभर मोकळेपणाने बोललो नव्हतो.

पहिले काम गाद्यांचे. गाद्या, रजया, दुलया, गोधड्या असा सारा संसार गच्चीवर नेऊन कठड्यांवर टाकायचा. आमच्या लहानपणी याच सुमारास पिंजारी खांद्यावर धनुकली घेऊन दारावर येत असे. तातीचा तो टणत्कार ऐकू आला की आळीतली सारी पोरे त्याच्याभोवती जमत, आणि घट्ट झालेल्या कापसाचे गोळे हलके होत होत ढगासारखे फुगताना पाहत बसत. आता ते काम यंत्रावर होते. गादी सकाळी द्यावी, संध्याकाळी आणावी. कापूस मोकळा होतो खरा, पण यंत्र फार जोरात फिरले तर धागा तुटून त्याचा भुगा होतो, आणि अशी गादी दोन हिवाळ्यांतच पुन्हा बसते. म्हणून आमच्या घरी अजून ऊन हाच पहिला उपाय. कडक उन्हात दोन दिवस उलटून पालटून टाकलेली गादी आतला दमटपणा सोडते, आणि दमटपणावर जगणारी कीड आपोआप निघून जाते.

लोकरीच्या आणि रेशमाच्या कपड्यांचा न्याय वेगळा. कसर लागते ती अंधारात, घडीत, आणि विशेषेकरून न धुता ठेवलेल्या कपड्यात. घामाचा, तुपाचा डाग तिला प्रिय. लोकरीला ऊन चालते, जरीच्या रेशमी लुगड्याला चालत नाही. उन्हाने रेशमाचा धागा दुबळा होतो आणि रंग उडतो. ते सावलीतल्या वाऱ्यावर पसरावे आणि ठेवताना घडी बदलावी, नाहीतर वर्षानुवर्षे एकाच रेषेवर मोडलेले रेशीम त्याच रेषेवर फाटते. आमच्या आईची एक माहेश्वरी साडी अशीच घडीवर गेली. रेशमाचा ताणा आणि सुताचा बाणा असलेले ते वस्त्र; आपल्याकडून तीस-पस्तीस कोसांवरच्या महेश्वरात, अहिल्याबाईंनी वसवलेल्या विणकरांच्या परंपरेतले. वाहिले गेले ते रेशीम. सूत अजून धड आहे.

हे सारे आटोपेपर्यंत दहा वाजले. खाली कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. आमचे शहर 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिले येत आले आहे, याचा आम्हांला अभिमान आहे. पण त्याचा एक परिणाम असा, की ओला, सुका आणि घातक अशा टोपल्यांत आयुष्याची वाटणी करण्याची सवय घरातल्या तरुण मंडळींना लागली आहे. जुन्या पत्रांची एक पेटी सुक्यात जाता जाता आम्ही वाचवली.

दुपारच्या आत बाजार उरकायचा होता. सियागंजातून चिवड्याचे पातळ पोहे आणि डाळे. मारोठियातून खसखस आणि वेलदोडे. चकलीची भाजणी चक्कीवर. शिंप्याकडून दोन परकर. पुण्याहून येणारे आमचे नातलग आमच्या बोलण्याला हसतात; चक्की कसली म्हणता, गिरणी म्हणा, पुताई कसली, सफेदी म्हणा. मराठीची पदवी पदरात असूनही आम्ही ही सुधारणा मनावर घेतलेली नाही. पिढ्यान् पिढ्या ज्या गावच्या पाण्यावर वाढलो, त्या गावच्या भाषेचा थोडा रंग शब्दाला चढायचाच.

या फेरीतले खरे काम होते कल्हईचे. आमच्या आत्याची पितळेची दोन भांडी, एक मोठे तपेले आणि एक गंज, आम्ही आठवड्यापूर्वी तिच्याकडून घेऊन आलो होतो. राजवाड्यामागच्या बर्तन बाजाराच्या अंगाला एका गल्लीत एक वृद्ध कल्हईवाला अजून बसतो. पूर्वी असे कारागीर दारोदार ओरडत फिरत. आता स्टेनलेस स्टीलने त्यांचा धंदा जवळजवळ संपवला आहे. जमिनीत खळगा, त्यात कोळसा, बाजूला भाता. आता भात्याच्या जागी हातपंखा आला आहे, एवढाच फरक. भांडे आतून घासून विस्तवावर तापवायचे. पुरेसे तापले की नवसागराची पूड टाकायची; पांढरा धूर भसकन वर येतो आणि धातूवरचा मळ सुटतो. लगेच कथलाची कांडी आतून टेकवायची. कथील अवघ्या 232 अंशांना वितळते. कापसाच्या बोळ्याने ते फिरवले की काळपट पिवळ्या पोटात चांदीसारखा पडदा सरसरत जातो. मग पाण्यात चर्र. हा सारा खेळ पाच मिनिटांचा, पण तो पाहताना आम्ही पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ दहा वर्षांचे होतो.

कल्हई ही शोभेची गोष्ट नाही, हे नव्या पिढीला सांगावे लागते. ताक, चिंच, आमसूल अशा आंबट पदार्थांचा पितळेतल्या तांब्याशी संबंध आला की अन्न कळकते. ते पोटात जाणे धोक्याचे. कथलाचा थर मध्ये असला म्हणजे भीती नाही. मात्र कथील महाग, शिसे स्वस्त. आणि शिसे मिसळलेली कल्हई ही कल्हई नसण्यापेक्षा वाईट. म्हणून कल्हई डोळ्यांसमोर आणि ओळखीच्या हातून करवून घ्यावी.

भांडे गार झाल्यावर आम्ही ते उलटे करून पाहिले. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेले होते. आपल्या घरांतल्या भांड्यांवर नावे घालण्याची ही चाल आम्हांला फार शहाणपणाची वाटते. कागद जळतात, भिजतात, हरवतात, पितळ राहते. तपेल्यावर आत्याचे सासरचे नाव होते, ‘मामांकडून’ असे होते, आणि खाली ‘फाल्गुन शके 1882’. म्हणजे 1961. त्यानंतर तीनच वर्षांनी ही सारी भांडी तिच्याबरोबर परत माहेरी आली.

येथे खिशातल्या अठराव्या कलमाविषयी सांगितले पाहिजे. मल्हारगंजातले आमचे घर आजोबांनी 1938 साली स्वतःच्या कमाईतून घेतले. ते 1968 साली मृत्युपत्र न करता गेले. मागोमाग आजीही गेली. मागे दोन मुलगे आणि ही एक मुलगी. मुलगे म्हणजे आमचे वडील आणि काका. दोघेही आता नाहीत. आत्या तेवढी आहे. विधवा होऊन घरी आली, शिकली, मुलींच्या शाळेत सदतीस वर्षांहून थोडी कमी नोकरी करून 2001 साली निवृत्त झाली, आणि आज चौऱ्याऐंशीव्या वर्षी घराच्या मागल्या दोन खोल्यांत एकटी राहते. घराला आता एक चांगला गिऱ्हाईक आला आहे. पुण्याला असलेल्या आमच्या चुलतबंधूंनी व्यवहार जुळवत आणला, वकिलाकडून एक कागद करवून पाठवला, आणि त्यावर आत्याची संमती घेण्याचे काम आमच्याकडे सोपवले. मंगळवारी रजिस्ट्रार कचेरीत नोंदणी व्हायची होती. कागदाचे नाव होते ‘हक-त्याग विलेख’. आत्याने आपला हिस्सा पुतण्यांच्या लाभात सोडून द्यायचा, आणि पुतण्यांनी तिला पाळीपाळीने चार-चार महिने आपल्याकडे ठेवायचे. दुसरी गोष्ट अर्थातच कागदात नव्हती. ती तोंडी होती. या कागदाने आमचाही वाटा तिसऱ्यावरून निम्म्यावर जाणार होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुपारच्या भेटीगाठींचे फारसे सांगण्यासारखे नाही. सुदामानगरात सौ.च्या माहेरी भाऊबीजेचे ठरवून झाले, एका निवृत्त स्नेह्यांची प्रकृती पाहून झाली, दोन ठिकाणी चहा आणि एका ठिकाणी बळेच शिकरण झाले. सौ. माहेरीच थांबल्या. साडेचारच्या सुमारास आम्ही भांड्यांची पिशवी घेऊन एकटेच मल्हारगंजात पोहोचलो.

आत्याच्या खोल्यांत पुताई नुकतीच झाली होती. ती अजून चुनाच लावून घेते. कळीचा चुना पिंपात भिजवायचा, तो खदखदून निवला की जुन्या लुगड्यातून गाळायचा, चिमूटभर नीळ आणि थोडा डिंक घालायचा. हा हट्ट आम्हांला एकेकाळी कंजूषपणा वाटे. पुढल्या खोलीला आम्ही भावांनी मिळून चांगला चकचकीत तेलरंग दिला होता. दुसऱ्या पावसाळ्यातच त्याचे पापुद्रे पोळीएवढे सुटले. जुन्या विटा-चुन्याच्या भिंती ओल आत घेतात आणि बाहेर टाकतात. वरून रंगाचा पापुद्रा बसला की आतली ओल कोंडते आणि रंगालाच फेकून देते. चुन्यातून ती निघून जाते. शिवाय तो स्वतः हवेतला वायू शोषत पुन्हा दगड होत जातो, आणि ताजेपणी इतका जहाल असतो की बुरशीला थारा देत नाही. आत्या हे शास्त्र सांगत नाही. “तुमच्या खोलीचा रंग कुठं गेला रे?” एवढेच ती दर वर्षी विचारते.

तिने तपेले हातात घेतले, आत बोट फिरवले, उजेडाकडे धरून पाहिले. “दाट बसलीये. किती घेतले?” आम्ही आकडा सांगितला. “लुटलं तुला,” ती समाधानाने म्हणाली. मग खाटेखालची ट्रंक ओढायला लावली. आतली कापडे सकाळी वाऱ्यावर देऊन झाली होती, कडुनिंबाचा पाला बदलून झाला होता. तिने एकेक वस्तू काढून आमच्यापुढे मांडली. कोणती सुनेला, कोणती नातीला. भांड्यांवरची नावे ती वाचत नव्हती, बोटांनी ओळखत होती. घर जाणार हे तिला ठाऊक आहे, हे आमच्या तेव्हा ध्यानात आले.

“आणि तुझ्या खिशात काय आहे ते काढ आता,” ती म्हणाली. “सकाळी पुण्याहून फोन आला होता. भाऊ येईल, कागद दाखवील, म्हणाला.”

आम्ही कागद पुढे केला. तिने तो घेतला नाही. “चष्म्याची काडी मोडलीये. तू वाच.”

याच घराच्या ओट्यावर, पाटीवर पेन्सिलीचे टोक दाबून आम्हांला पहिले अक्षर हिने गिरवायला लावले होते. त्याच आवाजात ती ‘वाच’ म्हणाली. आम्ही वाचू लागलो. कागद आपल्या प्रांताच्या रिवाजाप्रमाणे हिंदीत होता आणि वकिली हिंदीत होता. आत्या डोळे मिटून ऐकत होती. ‘स्वेच्छापूर्वक, बिना किसी दबाव के’ येथपर्यंत आलो आणि आमचा आवाज आपल्याआपण खाली गेला.

“मोठ्यानं,” आत्या म्हणाली.

आम्ही पुन्हा वाचले. शेवटपर्यंत वाचले. तिने मग डोळे उघडले आणि विचारले, “मी सोडून देते हे लिहिलंय. मी कुठं राहणार ते कुठल्या कलमात आहे?”

ते कोणत्याच कलमात नव्हते. आम्ही तोंडी ठरलेल्या चार-चार महिन्यांचे सांगितले. ती हसली. रागाने नव्हे. “दर नोव्हेंबरात पेन्शनीसाठी मी जिवंत आहे असं लिहून देते. आता घरासाठी नाही असं लिहून द्यायचं का?”

पुढला अर्धा तास ज्याला कोणी भांडण म्हणणार नाही, पण जो आम्हांला कोणत्याही भांडणापेक्षा जड गेला, असा होता. तिने सारी वर्षे मुलींना नागरिकशास्त्र शिकवले आहे, हे आमच्या चुलतबंधूंनी हिशेबात धरलेले नव्हते, आणि आम्हीही नव्हते. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 चा. मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलाइतकाच मुलीचा वाटा. राहत्या घरासंबंधी मात्र त्यात एक कलम होते, तेविसावे: मुलगे घर वाटून घेत नाहीत तोवर मुलीने वाटणी मागायची नाही, विधवा, अविवाहित किंवा टाकलेली असेल तर तिला राहण्यापुरता हक्क. ते कलम 2005 साली रद्द झाले. हे सगळे तिने वर्षांसकट सांगितले.

“तेव्हाही मागितली नाही, नंतरही मागितली नाही,” ती म्हणाली. “दादा आणि अण्णा होते तोवर मला वाटणी करायचीच नव्हती. पण आता तुम्ही विकताय ना? मग वाटे तीन.”

आम्ही म्हणालो, महापालिकेच्या करपावतीवर नावे आमची आहेत. हे वाक्य आमचे नव्हते, फोनवरून ऐकलेले होते. पण तोंडातून निघाले आमच्या. करपावतीवर नाव असल्याने कोणी मालक होत नाही, हे आम्हांलाही ठाऊक होते.

आत्याने त्याला उत्तर दिले नाही. उठून तिने नव्या कल्हईच्या तपेल्यात दूध ओतले आणि चहा टाकला. चहा होईपर्यंत दोघेही गप्प होतो. मागच्या अंगणात पारिजातकाचा सडा सुकून पडलेला होता. कप हातात देताना ती म्हणाली, “घर विकायला माझी ना नाही रे. हे जिने आता मला होत नाहीत, आणि ओट्याची फरशी दोनदा पाडून गेली. माझ्या वाट्याच्या पैशात इथंच कुठंतरी खालच्या मजल्यावर दोन खोल्या बघ. पलीकडे दवाखाना असला तर बरा. मी गेल्यावर काय उरेल ते घ्या वाटून. पण मला पाळी लावू नका. पाळी गाईम्हशींना चारायची असते.”

घर विकण्याला तिचा विरोध असेल, तो कसा मोडावा, याचीच चर्चा आम्ही भावांनी महिनाभर केली होती. विरोध नव्हताच. तिला काय हवे ते विचारण्याचे कोणाला सुचले नव्हते, आणि ज्याचे घर पायी वीस मिनिटांवर आहे त्या आम्हांलाही सुचले नव्हते.

कागद तिने घडी करून आमच्याच पिशवीत ठेवला. वर गंज ठेवला. “हा घेऊन जा. सुनेला म्हणावं, कढीला यातच फोडणी दे.” आम्ही उठलो तेव्हा तिने मोडलेला चष्मा रुमालात बांधून दिला. “काडी बसवून आण. पुढचा कागद मी वाचीन.”

परतताना राजवाड्यापाशी दिवाळीची गर्दी होती. 1984 च्या आगीतून वाचलेला आणि नंतर डागडुजी होऊन उभा असलेला तो सात मजल्यांचा दरवाजा. खाली दगड, वर लाकूड. पणत्या आणि रांगोळीच्या रंगांचे ढीग लागले होते. चष्म्याचे दुकान बंद होत होते, तरी दुकानदाराने काडी बसवून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

घरी पोहोचलो तो अंधार झालेला. सौ. माहेराहून परतल्या होत्या. त्यांना आम्ही सारे सांगितले. त्यांनी गंज हातात घेऊन त्यावरचे नाव वाचले आणि म्हणाल्या, “आत्यांचं बरोबर आहे. मी तुम्हांला आठवडाभर विचारत होते, त्या कागदात काय आहे म्हणून.” त्या विचारत होत्या, हे खरे.

साडेनऊला पुण्याहून फोन आला. “झाली का सही?”

आम्ही सांगितले, “नाही. मसुदा बदलावा लागेल. वाटे तीन आहेत.”

पलीकडून बराच वेळ काही बोलणे आले नाही. मग, “तू तिला समजावलं नाहीस?” आम्ही म्हणालो की उद्या सकाळी वकिलांकडे जाऊ, मंगळवारची नोंदणी पुढे ढकलू, आणि दिवाळीला तू इकडे ये, आत्याशी स्वतः बोल. फोन ठेवला गेला तो नीटसा ठेवला गेला नाही.

तेवढ्यात सौ.नी वरून हाक मारली. सकाळी कठड्यावर टाकलेल्या गाद्या कोणीच खाली आणल्या नव्हत्या. दिवसभराचे ऊन खाल्लेल्या त्या गाद्यांवर आश्विनातले दव उतरू लागले होते. हात लावला तर वरून गार, आणि आत अजून ऊब. दोघांनी मिळून त्या एकेक करून खाली आणल्या. दोन पुन्हा उन्हात टाकाव्या लागणार होत्या.